गॅरेजचे पत्रे आणि आंब्याचा टेम्पो

सासरी गॅरेज आहे, हे लग्न ठरल्यावर मी माहेरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, स्वतःचं एकमजली घर आणि शिवाय गॅरेज! माझ्या बहिणींनी लगेच गाडीचा रंग विचारला. लग्न होऊन घरात आले तेव्हा कळलं, की गाडी नाहीच. पुढेमागे घेऊ म्हणून सासऱ्यांनी घर बांधतानाच बाजूच्या भिंतीला टेकवून गॅरेज उभं करून ठेवलं होतं, आणि ते पुढेमागे काही आलं नाही. सासरे गेले. गॅरेजात त्यांची बंद पडलेली स्कूटर राहिली, गणपतीचं मखर राहिलं, आणि 'गावाला पाठवायचं' सामान राहिलं.

हे 'गावाला पाठवायचं' प्रकरण समजावून सांगायला हवं. माझ्या सासरचे लोक कोकणातले, राजापूरच्या पुढचे. आमच्या घरात कुठलीही वस्तू टाकून देत नाहीत. ती आधी बिघडते, मग माळ्यावर जाते, मग गॅरेजात येते आणि शेवटी गावाला जाते. मे महिन्यात गावाहून आंब्याच्या पेट्या घेऊन टेम्पो येतो. आमच्या आळीतल्या सात-आठ घरांत पेट्या उतरवतो आणि परत जाताना रिकामा कशाला जायचं, म्हणून सगळ्यांच्या जुन्या वस्तू भरून नेतो. एक पाय आखूड असलेली खुर्ची, दार न लागणारं कपाट, फक्त कार्टून दाखवणारा टीव्ही, सगळं त्या टेम्पोतून कोकणात उतरलं आहे. प्रत्येक वस्तू चढवताना सासूबाई तिच्यावर हात फिरवून एकच वाक्य म्हणतात, "चांगलं आहे अजून."

आमचं सामान बहुतेक एकाच घरी जायचं. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे. आम्ही सगळेच तिला मावशी म्हणतो. नवरा गेल्यापासून मावशी गावात एकटी राहते. गेल्या वर्षी वादळात फणसाची फांदी तिच्या स्वयंपाकघरावर पडली. कौलं फुटली, वासे मोडले. गावातल्या पोरांनी वासे सरळ करून दिले, पण वर घालायला काही नव्हतं, म्हणून तिने निळी ताडपत्री ओढली. त्या ताडपत्रीखाली तिने अख्खा पावसाळा काढला. चुलीशी बसलं की पाठीवर थेंब पडतो, असं ती फोनवर हसत हसत सांगायची. यंदाच्या पावसाआधी छप्पर व्हायला हवं, नाहीतर मातीची भिंत बसेल, असं मात्र ती हसून म्हणाली नव्हती.

आता आमच्या छपराचं. गॅरेजवर जुने करडे सिमेंटचे पत्रे होते. जिन्याच्या वळणावर उभं राहिलं की हाताशी येतील, इतके खाली. सासूबाई त्यावर जुनी साडी अंथरून उन्हाळाभर कुरडया, सांडगे, मिरच्या वाळवायच्या. त्याआधी बांबूला खराटा बांधून पत्रे खसाखसा झाडायच्या. राखाडी धूळ उडायची, स्कूटरवर बसायची, आमच्यावर बसायची. स्वच्छतेच्या बाबतीत सासूबाईंचा हात धरणारं आळीत कोणी नव्हतं.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत हिशेबाचं काम करते. यंदा जानेवारीत आमच्या कंपनीच्या शेडचे पत्रे बदलायला काढले. हुबेहूब आमच्या गॅरेजसारखे पत्रे. मला वाटलं, दोन माणसं येतील, हातोडा घालतील, दुपारी चहा पितील आणि जातील. प्रत्यक्षात आधी आमचं अर्धं ऑफिस रिकामं केलं, दोऱ्या लावल्या, आणि मग डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख घातलेली माणसं आत शिरली. तोंडावर असे मास्क, की आत माणूस आहे की आणखी कोणी, ते कळायला मार्ग नव्हता. मी डबा खाता खाता खिडकीतून बघत राहिले. मग ठेकेदाराला गाठून विचारलं, एवढं काय आहे यात?

"मॅडम, हा ॲस्बेस्टॉसचा पत्रा," तो म्हणाला. "आहे तसा पडून राहिला तर गपगुमान राहतो. तोडला, भोक पाडलं, घासला, सुका झाडला, की त्याचे बारीक तंतू उडतात. डोळ्याला दिसत पण नाहीत. श्वासातून आत गेले की फुप्फुसात बसतात, ते परत निघत नाहीत. आजार व्हायला कधीकधी कितीतरी वर्षं लागतात."

'सुका झाडला' म्हणताच मला बांबूला बांधलेला खराटा दिसला, आणि माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

त्या संध्याकाळी मी घरी जे भाषण दिलं, त्याला माझा नवरा अजून 'फुप्फुसांवरचं कीर्तन' म्हणतो. सासूबाईंनी वाटाणे सोलत शांतपणे ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं त्याच्यावर मिरच्या वाळवल्या," त्या म्हणाल्या. "कोणाला काय झालं? तुझे सासरे गेले ते हार्टने."

"आई, झालं नाही म्हणून होणार नाही असं नसतं."

"मग आता कुरडया कुठे वाळवू, तुझ्या डोक्यावर?"

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. सासूबाईंचा तापट नाही, आणि तेच जास्त तापदायक आहे. त्या आवाज चढवत नाहीत. हो म्हणतात आणि मनात असतं तेच करतात. त्या दिवशीही त्या शेवटी हो म्हणाल्या. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

नवऱ्याचा प्रश्न एकच होता, हे आपल्याला झेपणार कसं? एका गॅरेजसाठी परवाना असलेली माणसं, त्यांचे पोशाख, त्यांची गाडी, म्हणजे लग्नाच्या वरातीला हेलिकॉप्टर आणण्यासारखं झालं. त्यावर मी डोकं चालवलं. आमच्या आळीत असले पत्रे आणखी तिघांच्या घरांवर होते, कोणाच्या मोरीवर, कोणाच्या पडवीवर. प्रत्येकाकडे जाऊन मी तेच कीर्तन केलं. फुप्फुसाला दोघं घाबरले, तिसरा खर्च वाटून घ्यायचा म्हटल्यावर तयार झाला. मग ठेकेदाराकडे गेले. कंपनीच्या शेडचं शेवटचं सामान न्यायला त्याची गाडी एकदा येणारच होती. त्याच फेरीत डोंबिवलीला वळसा घाल, असं मी त्याला इतक्या वेळा म्हटलं, की तो माझा फोन आला की हॅलोच्या जागी "येतो मॅडम" म्हणायला लागला. चौघांना कसंबसं झेपेल इतक्या पैशांत काम बसलं.

दिवस ठरला, मे महिन्याचा. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी मी सुट्टी घेऊन घरी होते, तेव्हा सासूबाई फोनवर बोलताना ऐकू आल्या.

"अगो, काळजी करू नको. आमचे पत्रे निघतायत. आंब्याच्या टेम्पोतून पाठवते. तुझं सैपाकघर आरामात झाकेल. चांगले आहेत अजून."

मी वरच्या खोलीतून खाली कशी आले ते मला आठवत नाही. जिन्याला पायऱ्या असाव्यात.

"आई! मी एवढं घसा फोडून सांगितलं ते कशासाठी? तो पत्रा विषारी आहे!"

"ती कुठे झाडणार आहे? मी सांगेन तिला, झाडू नको म्हणून."

"टेम्पोत आपटून फुटणार, गावात खिळे ठोकताना फुटणार. मावशी त्याच्या खाली चूल फुंकत बसणार!"

"आणि आत्ता कशाखाली बसते? ताडपत्रीखाली! तुला काय, तुझ्या डोक्यावर स्लॅब आहे."

ते मला झोंबलं. खरं सांगायचं तर वर्मी लागलं. कारण मी साताऱ्याकडच्या एका खेड्यात वाढले आणि टेम्पोच्या त्या टोकाला लहानपण काढलं आहे. आमचा एक काका मुंबईत होता. त्याचं घर नवं होत गेलं तसं आमचं जुनं होत गेलं. त्याने पाठवलेला पंखा काठीने ढकलल्याशिवाय फिरायचा नाही. त्याने पाठवलेल्या चपला माझ्या मापाच्या कधीच नसायच्या, तरी आई म्हणायची, काकांना थँक्यू म्हण. मी थँक्यू म्हणायचे आणि मनातल्या मनात काकाच्या घरातला पंखा बंद पडो अशी प्रार्थना करायचे. हे सगळं मी सासूबाईंना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज फाटला.

"जे आपल्याला चालत नाही, ते त्यांना का चालावं?" मी ओरडले. "आपलं उष्टं तेवढं गावाने खायचं का? एवढाच बहिणीचा पुळका आहे ना, तर मग नवं पाठवा! आयुष्यात एकदा तरी नवं पाठवा!"

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि भात टाकायला गेल्या. मी जिंकले असं मला वाटलं.

त्यानंतर त्यांच्यात जो बदल झाला, त्याने मी अगदी भारावून गेले. गॅरेजच्या नव्या छपरात त्यांना अचानक रस निर्माण झाला. नवे पत्रे आणायला मी आणि नवरा निघालो, तर त्या पदर खोचून आमच्या आधी रिक्षात बसलेल्या. दुकानदाराने रंगीत लोखंडी पत्रे दाखवले. नवऱ्याला निळे हवे होते.

"निळा नको," सासूबाई म्हणाल्या. "कौलाच्या रंगाचा दाखवा."

"आई, आपल्या घराला कौलं नाहीत," नवरा म्हणाला.

"बघायला बरं वाटतं."

मग त्यांनी दुकानदाराला विचारलं, हा पत्रा जोराच्या वाऱ्याला टिकेल का? खाऱ्या हवेने गंजणार तर नाही ना? कोपरच्या खाडीची एवढी धास्ती त्यांनी याआधी कधी घेतली नव्हती. लांबीही एक फूट जास्त घ्यायला लावली. पुढे थोडं पाणी बाहेर पडलेलं बरं, म्हणाल्या. स्क्रूच्या रबरी चकत्या चार जास्त मागितल्या. मी नवऱ्याला कोपर मारून म्हटलं, बघ, समजावून सांगितलं की माणूस बदलतो. तोही मान डोलावून हो म्हणाला. दोघं मिळून आमच्या अकलेला एक चकती कमीच पडली असणार.

जुने पत्रे काढायचा दिवस उजाडला. आदल्या दिवशीच मी गॅरेज रिकामं केलं होतं. पहाटे उठून बघते तर सासूबाई जिन्यावर, हातात बांबू!

"घाण पत्रे कसे काढायला लावायचे त्यांना? येणारे लोक काय म्हणतील? जरा हात फिरवते."

मी बांबू हिसकावला आणि खराटा सोडून माझ्या खोलीत पलंगाखाली ठेवला.

ठेकेदाराची माणसं पांढऱ्या पोशाखात आली तशी अख्खी आळी गॅलऱ्यांत जमली. मी सगळ्यांना खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. लावल्या त्यांनी, पण काचेला नाक लावून बघत राहिले. माणसांनी आधी पंपाने साबणाचं पाणी मारून पत्रे चिंब भिजवले, म्हणजे धूळ उडत नाही. गंजलेले हूक ओढून काढले नाहीत, खालून हलकेच कापले. एकेक पत्रा अख्खा, न आपटता, तान्हं बाळ खाली ठेवावं तसा उतरवला. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला, चिकटपट्टीने बंद केला आणि वर लाल अक्षरात धोक्याची सूचना चिकटवली. खाली पडलेला चुराही झाडला नाही, ओल्या फडक्याने टिपला आणि ते फडकंसुद्धा पिशवीत बंद केलं. कुठे हातोडा वाजला नाही. आळीची घोर निराशा झाली.

मधल्या वेळात तिघांनी मला खुणेने बाजूला बोलावलं. एकाला कोंबड्यांसाठी पत्रा हवा होता, एकाला कुत्र्यासाठी, आणि एका काकूंना तुळशीच्या मागे आडोसा म्हणून. मी तिघांनाही नाही म्हटलं. काकू अजून माझ्याशी तुटक बोलतात.

पण खरी आघाडी स्वयंपाकघरात उघडली होती. सासूबाईंनी ठेकेदाराला कांदेपोहे खायला घातले, वर खोबरं भुरभुरलेले. पोहे खाऊन तो बाहेर आला तो मान खाली घालून.

"मॅडम, आजी बोलतायत, दोन ठेव म्हणून. असे पॅक केलेलेच. उघडणार नाहीत बोलल्या."

"पोहे परत काढून देता येतील का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही मॅडम."

"मग पत्रेपण परत मिळणार नाहीत. चढवा."

चारही घरांचे सगळे पत्रे गाडीत चढले. असला घातक माल जिथे नियमाने पुरतात, तिथे ते गेले आणि पोचल्याची पावतीही मला फोनवर आली. गाडी वळणाआड होईपर्यंत मी रस्त्यात उभी होते. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख कसं नाही, हे मला तेव्हा खटकलंच नाही. नवे पत्रे गॅरेजच्या भिंतीला टेकून उभे होते, कौलाच्या रंगाचे, वरचं पातळ प्लास्टिकही न काढलेले. ते बसवणारे परवा येणार होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. संध्याकाळी घरी आले तर घरभर हापूसचा वास. पेट्या आल्या होत्या. म्हणजे टेम्पो येऊन गेला होता. सासूबाई जमिनीवर बसून रसासाठी आंबे पिळत होत्या. मी पाय धुवायला बाजूला गेले आणि भिंतीकडे बघितलं.

भिंत होती. पत्रे नव्हते.

मला वाटलं चोरी झाली. मी धावत आत आले. "आई, पत्रे कुठे गेले?"

"गावाला," त्या म्हणाल्या आणि पुढचा आंबा उचलला.

"कुठले?"

"तूच म्हणालीस ना, जुनं पाठवायचं नाही. नाही पाठवलं. आयुष्यात एकदा तरी नवं पाठवा म्हणालीस. पाठवलं."

भांडायला मी कधी कमी पडत नाही, पण माझंच वाक्य माझ्यासमोर ताटात वाढून ठेवलं होतं. नवरा घरी आला तेव्हा मात्र चांगलाच भडकला. "अगं आई, निदान विचारायचंस तरी! उद्या माणसं यायची आहेत, ती काय हवेत स्क्रू मारणार?" सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या गॅरेजात आहे काय, एक मेलेली स्कूटर. तिला सर्दी होणार आहे का? तिथे माझी बहीण आहे." आम्ही तिघांनी मुकाट्याने आमरस खाल्ला. रस गोड होता, हे कबूल करायला लागलं.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. सासूबाईंनी उचलला, आणि ऐकून माझ्या हातात दिला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

"सूनबाय," मावशीचा आवाज दबका होता, कोणी ऐकेल की काय असा. "तुमचे पत्रे चुकून आमच्याकडे उतरले काय गो? नवे कोरे हायत. वरचं प्लास्टिक पन काढलेलं नाय. मी अजून हात लावला नाय. टेम्पोवाला परत येतोय तिकडं, त्याच्याकडे देऊ काय?"

मला रडू आलं. गावात, आपल्या दारात उभे असलेले पत्रे बघून ती बाई दोन दिवस त्यांना शिवलीसुद्धा नव्हती. आमच्याकडून आलेलं काही नवं असेल, हे तिच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं.

"नाही मावशी, चुकून नाही," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच घेतलेले. तुमच्या मापाचे आहेत. आईंनी रंगसुद्धा बघून घेतलाय."

ती म्हणाली, "मग तुमच्या गॅरेजाला काय?"

"आमच्या गॅरेजात गाडी नाही मावशी," मी म्हटलं. हे वाक्य इतक्या आनंदाने मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं असेन.

आंब्याची शेवटची फेरी घेऊन टेम्पो पुन्हा आला. टेम्पोवाल्याने पेटी उतरवली आणि मागून सुतळीने बांधलेलं एक निळं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. मावशीचं छप्पर झालंय, म्हणाला, ऐन वेळेत झालं. गाठोडं सोडलं. आत ताडपत्री होती, स्वच्छ धुतलेली, चारही कडा जुळवून घातलेल्या घडीची. जिथे भोकं पडली होती तिथे मावशीने जुन्या प्लास्टिकच्या पिशवीची ठिगळं दाभणाने शिवून लावली होती.

"गॅरेजावर घाला म्हणाल्या," टेम्पोवाला म्हणाला. "आणि सांगायला सांगितलंय, जुनी आहे, पण चांगली आहे अजून."

सासूबाईंनी ताडपत्रीवर हात फिरवला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून ती गॅरेजवर ओढली आणि दोरीने बांधली.